गावी जाताना पिस्तूल कशाला?

श्रावण उतरणीला लागला की चाकरमान्यांच्या व्हॉट्सअॅपवर जुनाच मजकूर नव्याने फिरू लागतो. रात्री घाटात कुणी काचेवर अंडे फेकले तर वायपर चालवू नका. रस्त्यात बाळ ठेवलेले दिसले तर गाडी थांबवू नका. अमुक वळणावर टोळी बसलेली असते, हा निरोप दहा जणांना पाठवा. हे कुणी लिहिले, कोणत्या घाटात कधी घडले, याचा ठावठिकाणा नसतो. पण बायकापोरांना घेऊन रात्रीचा निघणारा माणूस ते वाचून थोडा तरी धास्तावतोच. मुंबईत रे रोडच्या लाकडाच्या वखारी, दारूखान्यातले भंगाराचे गाळे या पट्ट्यात रोकड घेऊन ये-जा करणारे व्यापारी पूर्वीपासून आहेत. अशा धंद्यातल्या माणसाकडे शस्त्राचा परवाना असला तर नवल नाही. त्याने विचारले, की सरकारने परवाना दिलाय, मग गणपतीला गावी जाताना पिस्तूल गाडीत घेतले तर बिघडले कुठे, तर त्याला वेड्यात काढण्यात अर्थ नाही. प्रश्न रास्त आहे.

आधी कायद्याचे पाहू. शस्त्र बाळगणे हा आपल्याकडे हक्क नाही. तो व्हावा असे म्हणणारे होते. १९३१ च्या कराची काँग्रेसने हक्कांचा जो ठराव केला त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता, आणि त्याचीच आठवण देत ह. वि. कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत तशी दुरुस्ती सुचवली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. शस्त्र उचलणे हे देशासाठीचे कर्तव्य म्हणून मागावे, व्यक्तीचा हक्क म्हणून नव्हे, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. तेव्हापासून ही मेहेरबानीची गोष्ट राहिली आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली मुंबईत ती पोलीस आयुक्तालय करते, आणि कुठवर केली आहे ते परवान्यावर लिहिलेले असते. नुसती मुंबई, की महाराष्ट्र, की संपूर्ण भारत, हा रकाना किती परवानाधारकांनी चष्मा लावून वाचला असेल, याची आम्हाला शंका आहे. राज्यापुरता परवाना घेऊन सावंतवाडीला गेलेला गृहस्थ ‘आलोच आहोत तर गोवा करू’ म्हणत बांद्याच्या पुढे पत्रादेवीला पोहोचला, की त्याच्या परवान्याची हद्द संपलेली असते. पुढची उत्तरे पोलीस ठाण्यात बसून द्यावी लागतात, आणि तीही मुलांसमोर.

त्याशिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ३७ आहे. सणासुदीला त्याखाली मनाई आदेश निघतात, आणि त्यांत बंदुका, तलवारी, सुरे तर येतातच, लाठ्याकाठ्याही येतात. म्हणजे पिस्तूलवाल्यावर हसणाऱ्या, पण स्वतः ड्रायव्हरच्या सीटखाली हॉकी स्टिक सरकवून ठेवणाऱ्या मंडळींनीही फार खूश होऊ नये.

इथे कुणी म्हणेल, अमेरिकेत बघा, तिथे लोक खुशाल बंदूक घेऊन हिंडतात. हिंडतात खरे, पण तिथल्या १९८६ च्या केंद्रीय कायद्याची अट कुणी सांगत नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बंदूक नेताना त्या कायद्याचे संरक्षण हवे असेल तर बंदूक रिकामी हवी आणि प्रवाशांच्या हाताला लागणार नाही अशी डिकीत हवी. डिकी नसेल तर कुलपाच्या पेटीत. डॅशबोर्डातला कप्पा चालणार नाही, असे त्या कायद्यात मुद्दाम लिहिले आहे. २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनियाचा परवाना असलेली एक आई नदी ओलांडून शेजारच्या न्यू जर्सीत गेली. वाहतूक पोलिसाने गाडी थांबवली तेव्हा माझ्याकडे पिस्तूल आहे, असे तिने आपणहून सांगितले, आणि तिला अटक झाली. कित्येक वर्षांच्या तुरुंगवासाची टांगती तलवार तिच्यावर आली. २०१५ मध्ये तिथले तेव्हाचे राज्यपाल ख्रिस क्रिस्टी यांनी तिला माफी दिली. न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्या आपल्या भाच्या-पुतण्यांना विचारा, ते सांगतील.

पण कायदा बाजूला ठेवू. जीव वाचत असेल तर माणूस कायद्याचे नंतर बघतो, आणि ते चूकही नाही. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेने कलम ३४ ते ४४ मध्ये जवळजवळ जुन्या दंड संहितेइतकाच ठेवला आहे. प्राणावर बेतले तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत तो पोहोचतो, आणि त्यासाठी कोणत्याही परवान्याची गरज नसते. पिस्तुलाच्या बाजूने सर्वांत जड पुरावा मांडायचा तर तो बुलंदशहरचा. जुलै २०१६ मध्ये नोएडाचे एक कुटुंब रात्री गाडीने गावी निघाले होते. महामार्गावर गाडीवर काहीतरी लोखंडी आदळले, काय झाले ते पाहायला गाडी थांबली, आणि दरोडेखोरांच्या टोळीने कुटुंबाला शेतात ओढून नेले. आई आणि अल्पवयीन मुलीवर जे गुदरले ते सगळ्या देशाने वाचले. ते वाचून ज्या बापाच्या मनात बंदुकीचा विचार आला नसेल तो विरळाच. पण त्या रात्रीचा क्रम नीट बघा. टोळी हत्यारे घेऊन तयारीने दबा धरून होती, आणि घरची माणसे टायरला काय लागले ते पाहायला वाकली होती. पिस्तूल असते तरी ते कप्प्यात राहिले असते, किंवा टोळीच्या हाती गेले असते. उपयोगी पडली असती ती त्या रस्त्यावरची गस्त. ती नव्हती, म्हणून वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना निलंबित व्हावे लागले.

दरोडेखोर आलाच नाही तर मात्र पिस्तूल चौदा-पंधरा तास घरच्याच माणसांत असते. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा कोलकात्याला निघायच्या तयारीत होते. परवान्याचे रिव्हॉल्व्हर आवरून ठेवताना हातातून निसटले, गोळी सुटली आणि त्यांच्याच गुडघ्याखाली घुसली. कुणी शत्रू नव्हता, भांडण नव्हते, विमान गाठायची घाई तेवढी होती. आता ही घाई कोकणात निघणाऱ्या घरची कल्पा. पहाटे तीन वाजता जिन्यावरून सामान उतरते आहे. मखराचे थर्माकोल टपावर बांधायचे आहे, आजीचे गुडघे धरलेत, धाकट्याला खिडकीच हवी आहे, आणि डॅशबोर्डातल्या कप्प्यात टोलची पावती, ओल्या फडक्याचे पाकीट, आंबावडी आणि पिस्तूल. माणगावपर्यंत त्या कप्प्यात किती हात जाऊन येतील? नेमबाजी शिकलेला माणूससुद्धा याचे उत्तर द्यायला धजणार नाही.

आणि घरच्यांचे रागलोभ? २२ एप्रिल २००६ ला वरळीत प्रमोद महाजनांवर गोळ्या झाडल्या त्या सख्ख्या भावाने, परवान्याच्या पिस्तुलातून. ८ फेब्रुवारी २०२४ ला दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांचा जीव गेला तो हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या परवान्याच्या पिस्तुलाने, आणि ते चालवणारा हात अंगरक्षकाचा नव्हता. हत्यार ज्याच्या नावावर असते त्याच्याच हातात ते राहते, हा आपला एक गोड गैरसमज आहे. रे रोडच्या माणसाला तर हे गोदीने शिकवले आहे. १४ एप्रिल १९४४ ला इथून हाकेच्या अंतरावर, व्हिक्टोरिया गोदीत, ‘फोर्ट स्टिकिन’ या एकाच जहाजाच्या पोटात दारूगोळा आणि कापसाच्या गाठी शेजारी शेजारी भरल्या होत्या. आग लागली आणि जहाज फुटले. हल्ला करायला कुणी आले नव्हते.

आता रस्त्याचे. रे रोडचा केबलचा नवा पूल २०२५ च्या मे महिन्यात सुरू झाला, त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून अटल सेतू झाला. तेव्हा इथून निघालेली गाडी खाडी पार करून रायगडात उतरेपर्यंत फारसा त्रास नाही. मग सुरू होतो २०११ पासून काम चाललेला मुंबई-गोवा महामार्ग. चतुर्थीच्या आधीच्या दोन रात्री माणगाव-इंदापूरच्या कोंडीत जो अडकला आहे त्याला ठाऊक आहे, की त्या रात्री दरोडेखोराची गाडीसुद्धा आपल्याच मागे हॉर्न वाजवत उभी असणार. तिथे दरोडा पडत नाही, तिथे डोकी फिरतात. चुकीच्या बाजूने घुसणारी गाडी, घासलेला आरसा, खिडकीतून आलेली शिवी. ऑक्टोबर २०२४ मध्ये मालाडला ओव्हरटेकच्या वादातून एका तरुणाला त्याच्या आईबापांच्या देखत जमावाने मारून टाकले. त्याच्याकडे पिस्तूल असते तर वाचला असता, असे म्हणणारे भेटतील. वाचला असताही. पण मग आपल्याच न्यायाने समोरच्या प्रत्येक गाडीतही एकेक पिस्तूल धरायला हवे, आणि ती माणगावची कोंडी कशी सुटेल याचा विचार आम्हाला तरी करवत नाही.

कोकणच्या रस्त्यावर माणसे मरतात ती दरोड्यात नव्हे. महाराष्ट्रात रस्ते अपघातांत दरवर्षी पंधरा हजारांच्या आसपास माणसे जातात. १९ जानेवारी २०२३ च्या पहाटे माणगावजवळ रेपोलीला ट्रकशी टक्कर होऊन गुहागरकडे निघालेल्या एका कुटुंबाची गाडी चिरडली, आणि घरेच्या घरे ओस पडली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडचा सावित्रीवरचा पूल वाहून गेला, त्याबरोबर दोन एसटी गाड्या गेल्या. दिवसभर वखारीत उभा राहून रात्री अकराला स्टिअरिंगवर बसणारा बाप घाटातल्या टोळीपेक्षा मुलांना जास्त धोक्याचा आहे, हे त्याला सांगणार कोण? मागच्या सीटचे पट्टे कव्हराखाली दाबून टाकलेले असतात, ते वर काढायला परवाना लागत नाही. अडल्यास ११२ आहे, राष्ट्रीय महामार्गाचा १०३३ आहे. दर गणपतीला जागोजागी पोलिसांचे तंबू असतात, चहासुद्धा मिळतो.

मग पिस्तूल गाडीत येते कशाला? आमचा अंदाज असा, की बहुतेक वेळा ते भीतीपोटी येत नाही, अडचणीपोटी येते. घर दहा-बारा दिवस बंद राहणार. हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी मालकाने लिहून दिलेली. कुलूप फोडून चोराने सोने नेले तर विमा तरी आहे. पिस्तूल नेले आणि पुढे त्यातून कुणाचा मुडदा पडला तर चौकशीचा फेरा मालकाच्या मागे. म्हणून बिचारा ते पँटच्या पट्ट्याला लावून निघतो आणि बायकोला सांगतो, की रस्त्यात असलेले बरे. या अडचणीला उपाय आहे, आणि तो पोलिसांना नवा नाही. निवडणूक लागली की हीच हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात. २०२४ मध्ये लोकसभेला लावली, विधानसभेला पुन्हा लावली. नोंद होते, पावती मिळते, निकालानंतर हत्यार परत येते. यंत्रणा तयार, कपाटे तयार, वह्या तयार. मतदानासाठी जे सक्तीने करता येते ते गणपतीसाठी ऐच्छिक का करू नये? शिवडी, काळाचौकी, भायखळा या तीन ठाण्यांपासून सुरुवात करावी. चतुर्थीच्या आधी आठ दिवस खिडकी उघडावी, गौरी-गणपती आटोपून परतलेल्या माणसाला परवाना आणि पावती पाहून हत्यार परत द्यावे. खर्च नगण्य आहे. उन्हाळ्याच्या सुटीतही तीच सोय चालू ठेवता येईल.

पोलीस आयुक्तालयाने यंदा चतुर्थीच्या महिनाभर आधी एवढे एक परिपत्रक काढावे, अशी आमची मागणी आहे. ते निघेपर्यंत परवानाधारकांनी पोलीस ठाण्याला विचारून, हत्यार सांभाळण्याचा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे ते ठेवावे, पावती खिशात घालावी, रात्रीची झोप पुरी करून सकाळी गाडी काढावी.