संगणकाला हाड दाखविणारा हात

भालकी-आळंदकडील रुग्ण हल्ली विचारतात, “डॉक्टर, खुब्याचे ऑपरेशन कॉम्प्युटरवर करता येईल ना?” येईल, परंतु संगणकाला हाड आपणच दाखवायचे असते! सीटी स्कॅनविना चालणाऱ्या पद्धतीत ओटीपोटाच्या हाडाचे पुढील दोन उंचवटे आणि जघनास्थी यांना सळईने स्पर्श करून मूळ प्रतल ठरते. जघनास्थीवरील चरबीमुळे हा बिंदू एक सेंटिमीटर वर राहिला, तर वाटीचा पुढील कल साधारण पाच अंशांनी चुकतो. पडद्यावरील आकडा मात्र निर्दोष दिसतो. लेविनेक यांनी १९७८ मध्ये हा कल १५ अंश, अधिक-उणे १०, असा सुचविला होता. त्यातील निम्मी सूट येथेच संपली. आपली माणसे मांडी घालून जेवतात, शेतात उकिडवी बसतात. सांधा निखळण्याचे भय त्यांनाच अधिक.

म्हणून माझे आग्रहाचे मत असे, की यंत्रखरेदीच्या चर्चेआधी आपण बिंदू घेण्याचा सराव करावा. चरबी दाबून हाडापर्यंत पोहोचावे आणि वाटी बसविण्यापूर्वी ओळखीच्या एखाद्या बिंदूला पुन्हा स्पर्श करून पाहावा. हाडात रोवलेली खूणपिन सैल झाली असल्यास तेथेच कळते. यास दोन मिनिटेही लागत नाहीत.