काळजी करायची की घ्यायची?

मैत्रिणींनो, आपल्या मराठीत एक गंमत आहे बघा. ‘काळजी’ हा शब्द एकच, पण ती ‘करता’ही येते आणि ‘घेता’ही येते. मुलगा एसटीने कॉलेजला गेलाय, नीट पोचला असेल ना, ही काळजी करणं. त्याला डबा भरून देणं, पोचलास की फोन कर म्हणून सांगणं, ही काळजी घेणं. पहिलीत जीव नुसता झुरतो, दुसरीत हात चालतात. आपण बायका मात्र घ्यायची ती घेऊन झाल्यावरही करायची ती करतच राहतो! गॅस बंद केला का, लाइटबिल भरायचं राहिलं, सासूबाईंची बीपीची गोळी संपत आली, मुलीचं लग्न कसं जमणार... पुढ्यातला चहा निवून जातो, पण डोक्यातलं दळण काही थांबत नाही.

अशा वेळी कुणीतरी हमखास सांगतं, ‘अगं, चिंता सोड, आजचा दिवस मजेत जग.’ खरं सांगू? हे वाक्य ऐकलं की मला थोडा रागच येतो. मी जव्हारची. आमच्याच तालुक्यातलं वावर-वांगणी हे नाव १९९२-९३ साली महाराष्ट्रभर गेलं, ते कुपोषणाने दगावलेल्या शंभराहून अधिक बालकांमुळे. त्या आयांना कुणी ‘आनंदात राहा’ असं सांगितलं असतं तर ती क्रूर थट्टाच झाली असती. त्या आयांनी काळजी करण्यात काही कसूर ठेवली असेल का हो? कमी पडली ती काळजी घेणारी व्यवस्था.

त्यानंतर जे काही थोडंफार बदललं, ते हातांनी केलेल्या कामामुळे. अंगणवाडीत बाळाचं वजन होतं, दंडाचा घेर पट्टीने मोजला जातो. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत, म्हणजे लाल रंगावर आला, की त्या बाळाला तातडीने उपचार हवेत हे कळतं. २०१५ पासून अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण सुरू झालं. सगळं आलबेल झालंय असं मी मुळीच म्हणणार नाही. कुपोषण अजून संपलेलं नाही, आणि शेतीची कामं आटोपली की पोटासाठी घराला कुलूप लावून वीटभट्टीवर जाणंही चुकलेलं नाही. पण पट्टी हातात आली की नुसत्या धास्तीला एक वाट मिळते. पुढे काय करायचं, ते दिसायला लागतं.

आपल्या घरातल्या काळज्यांनाही अशी एक पट्टी लावता येते. मनात काही घोळायला लागलं की स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, ‘यावर आज माझ्या हातून काय होण्यासारखं आहे?’ काही होण्यासारखं असेल तर लगेच करून टाकायचं. गोळ्या संपत आल्यात? चिठ्ठी लिहून पिशवीत टाका. काहीच होण्यासारखं नसेल, तर त्या काळजीला वेळ ठरवून द्यायची. ही काही माझी कल्पना नाही. थॉमस बोर्कोवेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत १९८३ साली हा उपाय अभ्यासून मांडला. रोज एकच वेळ आणि एकच जागा ठरवायची, अर्धा तास. दिवसभरात काळजी आली की तिला ‘तेव्हा ये’ म्हणायचं आणि हातातल्या कामाकडे वळायचं. ठरलेल्या वेळी मात्र बसून तिच्यावर खरोखर विचार करायचा. मी दुपारी चारची वेळ ठेवली आहे, वही घेऊन ओटीवर. गंमत म्हणजे सकाळी डोंगराएवढ्या वाटणाऱ्या निम्म्या काळज्या चारला हजेरी लावायलाच येत नाहीत!

पण मला वाटतं, आपली खरी अडचण वेगळीच आहे. काळजी हा आपण मायेचा पुरावा मानतो. जी बाई सारखी धास्तावलेली असते ती चांगली आई, आणि जी निवांत बसते ती बेफिकीर! शेजारपाजारचं सोडा, आपलं मनच आपल्याला तसं म्हणत असतं. म्हणून घटकाभर हसलो तरी अपराधी वाटतं. मैत्रिणींनो, रात्रभर जागून केलेल्या काळजीने मुलाचा एक मार्क वाढत नाही. सकाळी चिडचिडी आई मात्र त्याच्या वाट्याला येते.

आमच्या भागात पीक हाती आलं की तारपा वाजतो. सुकलेल्या भोपळ्याचं आणि बांबूचं ते वाद्य. मधोमध वाजवणारा, भोवती एकमेकांना धरून नाचणारे बाया-बापे. जिव्या सोमा मशे यांच्या वारली चित्रांमुळे तो नाचाचा फेर तुम्हीही पाहिला असेल. सूर बदलला की पाऊल बदलावं लागतं, म्हणून नाचताना कान सुरातच ठेवावा लागतो. या नाचणाऱ्यांपैकी कित्येकांना पुढे वीटभट्टीवर जायचं असतं, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. पण आज दाणे घरात आलेत, आजचं काम झालंय. मग आजचा नाच उद्याच्या भट्टीसाठी का सोडायचा? त्यांच्या गरिबीचं मला कौतुक करायचं नाही. पण आनंदाला सगळे प्रश्न सुटेपर्यंत थांबवून ठेवलं, तर त्याची पाळी कधीच येणार नाही, एवढं मात्र मला पटलंय.

आणि हो, काळजीने आठवडे न् आठवडे झोप लागत नसेल, छाती धडधडत असेल, कशातच मन रमत नसेल, तर ‘स्वभावच तसा’ म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांना दाखवा. २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करून मोफत बोलता येतं. स्वतःकडे बघणं हीसुद्धा काळजी घेणंच आहे.

तेव्हा आज घ्यायची तेवढी काळजी घ्या, उरलेली वहीत लिहून ठेवा, आणि चहा गरम आहे तोवर पिऊन टाका!