गाडगेबाबांच्या विद्यापीठात आमची पोरे किती?

अकोल्याच्या जुन्या शहरात बौद्ध वस्ती आणि मुस्लिम मोहल्ला शेजारी शेजारी नांदतात. बारावीचा निकाल लागला की दोन्हीकडे एकच प्रश्न असतो, आता पुढे काय? पोरगा असला तर अमरावती-पुण्याचे नाव तरी निघते. पोरगी असली की मोर्णेचा पूल ओलांडून जाता येईल तेवढेच कॉलेज. विद्यापीठ राहिले तिकडे नव्वद किलोमीटरवर.

संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ 1 मे 1983 रोजी स्थापन झाले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम हे पाच जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. येथे मागासवर्गीय विद्यार्थी भरपूर आहेत, असे अभिमानाने सांगितले जाते. ते खोटे नाही. पण ते कोठे आहेत? खेड्यातल्या संलग्न महाविद्यालयात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बसलेला पोरगा आणि विद्यापीठाच्या आवारात एम.एस्सी. करणारा पोरगा एकाच बेरजेत धरले, की चित्र गोंडस दिसणारच! दरवाजावर किती जण आले हे मोजून काय उपयोग? जिना चढून वर किती पोहोचले, ते मोजा.

देशाचे आकडेही हेच बोलतात. उच्च शिक्षणाच्या 2021-22 च्या अखिल भारतीय सर्वेक्षणात विद्यार्थ्यांमध्ये अनुसूचित जातींचा वाटा 15.3 टक्के आहे. प्राध्यापकांमध्ये तो सुमारे 9 वर येतो. मुस्लिम विद्यार्थी पाच टक्क्यांच्याही आत, आणि 2011 च्या जनगणनेत त्यांची लोकसंख्या 14.2 टक्के. राज्यात 2014 मध्ये शिक्षणातले पाच टक्के मुस्लिम आरक्षण उच्च न्यायालयाने रोखले नव्हते, तरी सरकारने तो अध्यादेश मरू दिला. ही गोष्ट आम्ही विसरलेलो नाही.

खरी अडचण आहे ती राहण्या-जेवण्याची. ज्यांचे नाव विद्यापीठाला दिले, त्या गाडगेबाबांना ती पुरती कळली होती. म्हणून तर त्यांनी 1949 मध्ये पंढरपूरची धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला वसतिगृहासाठी देऊन टाकली. कीर्तनात खापर वाजवणाऱ्या त्या फकिराला जे उमगले, ते नियम करणाऱ्या साहेबांना उमगू नये?

वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना 2016-17 पासून आली. अमरावतीसारख्या शहरात वर्षाला 51 हजार रुपये. योजना चांगली आहे. पण पैसा हप्त्याहप्त्याने येणार आणि घरमालक भाडे मागणार पहिल्या तारखेला. हातावर पोट असलेल्या बापाने मधले महिने कोणाच्या दारात जावे? शेजारच्या मोहल्ल्यातल्या पोरीला तर हा आधारही नाही.

आमची मागणी साधी आहे. विद्यापीठाने विभागवार तक्ता जाहीर करावा. प्रवेश किती, त्यात मुली किती, मधेच सोडून गेलेले किती, पीएच.डी.ला किती, वसतिगृहात जागा कोणाला, प्राध्यापकांची राखीव पदे किती भरली आणि किती वर्षे रिकामी आहेत, हे सारे त्यात यावे. फुले-आंबेडकरांचे नाव घेऊन अधिसभेत निवडून गेलेल्यांनी पुढच्याच बैठकीत हा तक्ता मागावा. त्यांना सवड नसेल, तर जुन्या शहरातली पोरे माहितीच्या अधिकारात मागतील. अर्जाला दहा रुपये लागतात.