जपून जा!

मंडळी, आमचं बाड हॉम्बुर्ग म्हणजे हवापालटाचं गाव. खनिज पाण्याचे झरे, मोठा कुरपार्क आणि बाकांवर ऊन खात बसलेले आजीआजोबा. हॉजकिन्स लिम्फोमाची केमो संपवून आमचा चोवीस वर्षांचा भाचा (तो इथेच जर्मनीत शिकतो) आमच्याकडे राहायला आला, तेव्हा आम्ही त्याला रोज त्याच बागेत नेऊ लागलो. पुण्याहून ताईची फोनवर ताकीद होतीच, "जिनासुद्धा चढू देऊ नकोस!"

चौथ्या दिवशी पोरगा म्हणाला, "मामा, वॉर्डात मीच सगळ्यांत लहान होतो. इथंही तेच."

आम्ही गप्प. बिघडलेलं यंत्र दुरुस्त झालं की चालवून बघायचं असतं, हे आम्हा इंजिनिअरला सुचू नये? तळहातावरच्या फोडासारखं जपता जपता आम्ही त्याला पुन्हा पेशंटच करून ठेवलं होतं.

मग चौकशी केली. जर्मनीत 1993 पासून ‘रेगेनबोगेनफार्ट’, म्हणजे इंद्रधनुष्य-यात्रा, निघते. लहानपणी कॅन्सर होऊन गेलेली तरुण मंडळी आठवडाभर शेकडो किलोमीटर सायकल हाणतात आणि वाटेतल्या इस्पितळांत उपचार घेणाऱ्या मुलांना भेटतात. सलाइन लावलेल्या पोराला डॉक्टरांच्या दहा आश्वासनांपेक्षा तो घामेजलेला सायकलवाला जास्त पटत असणार! यात्रा भरवणाऱ्या बालकॅन्सर प्रतिष्ठानचंच हायडेलबर्गच्या जंगलात 2003 पासून ‘वाल्डपिराटन’ शिबीर आहे. तिथं मुलं झाडांमध्ये बांधलेल्या दोरांवरून चालतात. अमेरिकेत कायाकपटू ब्रॅड लडन यांनी 2001 मध्ये ‘फर्स्ट डिसेंट्स’ काढली. ती खास तरुणांसाठी. नदीत होडी वल्हवायची, कडे चढायचे, तेही आपल्याच वयाच्या, आपल्यासारखंच भोगलेल्या सोबत्यांबरोबर.

अर्थात उठलं की सुटलं, असं नाही. या आजाराच्या काही औषधांचा हृदयाला, काहींचा फुफ्फुसांना त्रास होऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "सावकाश जा, पण जा."

शेजारच्या ओबरउर्सेलमधल्या होहेमार्कहून आम्ही दोघं फेल्डबर्ग चढलो. उंची सुमारे 880 मीटर, म्हणजे कळसूबाईच्या निम्म्याहून जरा जास्त. तीनदा थांबलो. त्यातले दोन थांबे आमच्यासाठी होते, हे इथं कबूल करतो.

आता त्याला सायकल हवी आहे. ताईला अजून सांगितलेलं नाही. हा अंक पुण्याला पोचायच्या आत सांगायला हवं.