थोडक्यांत, पण पुरतें

शहादें तालुक्यांतील म्हसावद येथें आमचे एक आप्त राहतात. मध्यंतरीं त्यांच्या चिरंजीवांनीं आजोबांच्या जुन्या वह्यांच्या छायाचित्रांचें फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरविण्यासाठीं संगणकास ‘सीपी -आर’ ही आज्ञा दिली. पडद्यावर अवाक्षरहि उमटलें नाहीं. काम फसलें असें समजून त्यांनीं तीच आज्ञा पुन्हां दिली. आणि पहिल्या नकलेच्या पोटांत दुसरी नक्कल तयार झाली! दोन झाल्या म्हणून एक पुसावयास गेले, तों बाहेरचीबरोबर आंतलीहि नाहींशी झाली. मूळ छायाचित्रें शाबूत होतीं, हें सुदैव.

अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत 1969 मध्यें आरंभलेल्या युनिक्स प्रणालीची ही रीतच आहे: काम सुरळीत झालें तर बोलावयाचें नाहीं. तीस कारणहि आहे. एका आज्ञेचें फलित दुसरीच्या हातीं द्यावयाचें असतें. त्यांत वायफळ शब्द मिसळूं नयेत. परंतु तेथील ‘एड’ हा संपादक चूक झाली तरी केवळ एक ‘?’ छापी. जाणत्यास तेवढें पुरे. नवख्यानें काय समजावें?

थोडक्यांत बोलणें आपणांस तारेनें शिकविलें. 14 जुलै 2013 रोजीं ती सेवा बंद झाली; तोंवर शब्दागणिक पैसे मोजावे लागत. ‘ताबडतोब निघा’ एवढीच तार आली कीं घरांत रडारड होई. ‘वहिनी सुखरूप, मुलगा झाला’ या चार शब्दांत मात्र कांहींच उणें नसे.

आज्ञावली लिहिणाऱ्या आमच्या तरुण वाचकांनीं हाच धडा घ्यावा. काय झालें, कशाचें झालें आणि आतां काय करावें, एवढें सांगावें. ‘चूक झाली’ म्हणण्यापेक्षां ‘वह्यांचें फोल्डर उतरलें नाहीं, डिस्कवर जागा नाहीं’ असें म्हणावें. काम चालू असतां ‘झालें’ म्हणूं नये. खोट्या ग्वाहीपेक्षां मौन बरें. 2005 मध्यें निघालेलें ‘गिट’ हें साधन कामाची स्थिति सांगून पुढें कोणती आज्ञा द्यावी तेंहि सुचवितें. ‘सीपी’ससुद्धां ‘-व्ही’ जोडल्यास ती उतरविलेल्या प्रत्येक फाइलचें नांव सांगते. म्हसावदच्या चिरंजीवांस आम्हीं तेंच कळविलें आहे.

परगांवीं गेलेल्या मुलानें ‘सुखरूप पोंचलों’ एवढें कळविलें कीं आई निश्चिंतपणें निजते. यंत्राकडूनहि माणसाची अपेक्षा याहून फार मोठी नसते.