कोराडीला तिरंदाजीचे मैदान हवे

५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनच्या मैदानावर नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत पंधरा बाण सोडले आणि पंधराही दहाच्या वर्तुळात बसवले. १५० पैकी १५० गुण. समोरचा पोलंडचा खेळाडूही तोडीस तोड होता. त्याचा एकच गुण हुकला आणि कंपाऊंड प्रकारातले जगज्जेतेपद नागपूरच्या पोराकडे आले. त्याच दिवशी, त्याच मैदानावर साताऱ्याच्या आदिती स्वामीने मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेराला १४९-१४७ असे हरवले. आदिती तेव्हा अवघी सतरा वर्षांची होती. एका दिवसात दोन जगज्जेते आणि दोघेही मराठी!

या आनंदात एक गोष्ट मात्र मागे पडली. ओजस नागपूरचा खरा, पण बर्लिनच्या तयारीसाठी त्याला साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या दृष्टी अकादमीत जाऊन राहावे लागले. उसाच्या शिवारात उभ्या राहिलेल्या या अकादमीतच आदितीही घडली. आता उलट बाजू पाहा. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव हा मजुरी करणाऱ्या आईवडिलांचा मुलगा. त्याला तिरंदाजीचे धडे मिळाले ते अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत, आणि पुढे तो टोकियो ऑलिम्पिकपर्यंत पोहोचला. साताऱ्याचा मुलगा विदर्भात शिकतो आणि विदर्भाचा मुलगा साताऱ्यात. मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला एका गुणाने मागे टाकणारा प्रथमेश जावकर तर बुलढाण्याचा. या साऱ्यांचा माग काढत गेले की हाती लागते ते एखादे राखीव मैदान आणि तिथे रोज सकाळी हजर असणारा एखादा प्रशिक्षक. जिथे हे दोन्ही जुळले तिथे तिरंदाज तयार झाले. गाव मोठे की लहान, याने काही अडले नाही.

म्हणूनच कोराडीचा विचार व्हायला हवा. नागपूरच्या उत्तरेला वसलेले हे गाव लोकांना माहीत आहे ते जगदंबेच्या देवळामुळे आणि औष्णिक वीज केंद्राच्या उंच धुराड्यांमुळे. बर्लिनच्या त्या दिवसाआधी बरोबर एक महिना, ५ जुलै २०२३ रोजी, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते इथल्या रामायण सांस्कृतिक केंद्राचे उद्घाटन झाले. शाळांच्या सहली तिथे येतात, मुले चित्रांतले राम-लक्ष्मण डोळे भरून पाहतात. त्यांच्यातल्या दहा-वीस मुलांच्या हाती खरे धनुष्य द्यायची सोय त्याच गावात असली तर काय बिघडेल?

खर्चाचे नाव काढले की पालक दचकतात, म्हणून आधी साहित्याबद्दल बोलू. आपल्याकडे या खेळाची पहिली पायरी म्हणजे 'इंडियन राउंड'. त्यात बांबूचे धनुष्य लागते. नेम धरायला कसलेही यंत्र नसते. हे धनुष्य काही हजारांत मिळते आणि मुलाची पाठ, खांदा आणि चिकाटी तिन्ही पारखून घेते. दुसरा प्रकार रिकर्व्ह, म्हणजे ऑलिम्पिकचे धनुष्य. मध्ये धातूची मूठ, तिला रायझर म्हणतात. वर-खाली दोन पाती, म्हणजे लिंब्ज. पुढे डोलणारे स्टॅबिलायझरचे दांडे. नेम धरायला साइट असते आणि बाणाच्या टोकावर क्लिकर नावाची धातूची बारीक पट्टी. दोरी हनुवटीपर्यंत ओढून तिरंदाज शेवटचा तसूभर ताण देतो, बाणाचे टोक पट्टीखालून निसटते, 'टक्' असा आवाज होतो आणि त्याच क्षणी बोटे सुटतात. दर वेळी ओढ तेवढीच राहावी यासाठी ही सारी खटपट. लक्ष्य ७० मीटरवर, आणि त्यावरचे दहाचे वर्तुळ १२.२ सेंटिमीटर व्यासाचे. पुरुष खेळाडूचे धनुष्य साधारण ४५ पौंडांचे धरले तर पात्रता फेरीच्या ७२ बाणांसाठी त्याला ७२ वेळा वीस किलोंची ओढ पेलावी लागते. उभ्या उभ्या खेळायचा सोपा खेळ, असे म्हणणाऱ्याने एकदा हा हिशेब जरूर करावा.

ओजस आणि आदिती खेळतात तो तिसरा प्रकार, कंपाऊंड. याच्या दोन्ही टोकांना कॅम नावाची चाके असतात. दोरी ओढताना सुरुवातीला पूर्ण जोर लागतो, पण चाके फिरली की भार एकदम हलका होतो. साठ पौंडांचे धनुष्य पूर्ण ताणल्यावर हातावर उरतो बारा ते अठरा पौंडांचा भार. दोरी बोटांनी सोडायची नसते, रिलीज नावाचा चाप वापरायचा. साइटवर भिंग असते आणि दोरीतच पीप नावाचे बारीक छिद्र. या सुविधांची वसुली लक्ष्यावर होते: ५० मीटरवरचे दहाचे वर्तुळ फक्त आठ सेंटिमीटरचे. सगळे जण दहाच मारतात, म्हणून एक नऊ पडला की सामना हातचा जाऊ शकतो.

रिकर्व्ह असो वा कंपाऊंड, स्पर्धेच्या दर्जाचा पूर्ण संच दोन-तीन लाखांच्या घरात जातो. आदितीच्या शिक्षक वडिलांना त्यासाठी कर्ज काढावे लागले होते. पण नव्या मुलाला हा संच पहिल्या दिवशी लागतच नाही, आणि लोकांना हे कुणी सांगत नाही. बारा वर्षांच्या मुलीला चौदा ते अठरा पौंडांचे लाकडी रिकर्व्ह पुरते. ताकद वाढली की मूठ तीच ठेवून फक्त पाती बदलायची. सार्वजनिक केंद्राने वेगवेगळ्या ताकदीच्या पात्यांचे पाच-सहा जोड ठेवले आणि वाचनालयातल्या पुस्तकांसारखे मुलांना आळीपाळीने दिले, तर पहिली दोन वर्षे पालकांच्या खिशाला फारशी झळ बसणार नाही. बाण मात्र ज्याचे त्याचे हवेत. हाताच्या लांबीप्रमाणे बाणाची लांबी ठरते, धनुष्याच्या ताकदीप्रमाणे ताठपणा. आखूड बाण मूठ ओलांडून मागे आला तर सोडणाऱ्याच्याच हातात घुसू शकतो. हौसेने इंटरनेटवरून मागवलेला, मोजमापाविना घेतलेला संच म्हणूनच धोक्याचा.

मैदानाचा आग्रह धरण्यामागे हेच मोठे कारण आहे. नवे मूल धनुष्य हाती घेताच बाण न लावता दोरी ताणून सोडून देते. बाणात जायची सगळी शक्ती मग पात्यांत परतते आणि पाती तडकतात. प्रशिक्षक जवळ असेल तर तो पहिल्याच मिनिटाला हे थांबवतो. शिट्ट्यांची शिस्तही मैदानावरच अंगवळणी पडते: दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर यायचे, एक झाली की बाण सोडायला सुरुवात, तीन झाल्या की धनुष्य खाली ठेवून बाण आणायला जायचे. रेषेपुढे एक जण जरी असला तरी कुणीही दोरीला बाण लावायचा नाही. गच्चीवर किंवा क्रिकेटच्या गर्दीत एक कोपरा मागून हे जमणारे नाही. ७० मीटरचे अंतर, लक्ष्यामागे मोकळी जागा किंवा मातीचा उंच बांध आणि दोन्ही बाजूंना कुंपण, एवढी जागा कायमची राखून ठेवावीच लागते.

कंपाऊंडला ऑलिम्पिकमध्ये स्थान नाही, मग त्यावर पैसा का घालायचा, हा सवाल आजवर केला जायचा. एप्रिल २०२५ मध्ये त्याचे उत्तर मिळाले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाऊंडची मिश्र सांघिक स्पर्धा होणार आहे, एक पुरुष आणि एक स्त्री अशा जोडीची. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ओजसने ज्योती सुरेखा वेन्नमच्या जोडीने नेमक्या याच प्रकारात सुवर्ण जिंकले होते. त्या स्पर्धेत कंपाऊंडची पाचही सुवर्णपदके भारताने घेतली. जगात आपण ज्यात पुढे आहोत असा हा प्रकार आहे आणि त्यातला एक जगज्जेता आपल्याच जिल्ह्यातला आहे.

कोराडीसाठी मागणी अवाढव्य नाही. आठ लक्ष्ये मावतील अशी राखीव जागा, एक पगारी प्रशिक्षक, साहित्य ठेवायला कुलूपबंद खोली आणि सावलीसाठी एक पत्र्याची शेड. नागपूरच्या उन्हाळ्यात सराव सकाळी सहा ते नऊ एवढाच होईल, तेवढा पुरे. वीज केंद्राच्या निमित्ताने महानिर्मितीचे या गावाशी जुने नाते आहे. सामाजिक दायित्वाच्या निधीतून तिने जागा आणि साहित्याचा भार उचलावा. प्रशिक्षकाचा पगार जिल्हा नियोजनातून निघावा आणि परिसरातल्या जिल्हा परिषद शाळांतून मुलांची निवड जिल्हा क्रीडा कार्यालयाने करावी. निवडीत मुलींची संख्या निम्मी असावी, कारण लॉस एंजेलिसचा तो प्रकार जोडीने खेळायचा आहे. येत्या जून महिन्यात शाळा उघडतील तेव्हा पहिली तुकडी बांबूच्या धनुष्यांवर सुरू करता येईल.