हात पसरणे म्हणजे नेमकं काय हो?

परवा धाराशिवला एका लग्नात एक जुने परिचित भेटले. शिकलेले, पुण्यात स्थायिक, वर्षाला दोन नाटकं आणि एक दिवाळी अंक विकत घेणारे. पंगतीत शेजारी बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "ऐकलं ते खरं का? तुम्ही म्हणे ईटच्या बाजारात वही घेऊन दुकानोदुकानी फिरलात? अहो, कलाकारानं असं हात पसरणं बरं दिसत नाही."

तोंडात जिलबी होती, म्हणून गप्प बसलो. ती कधीच संपली, पण वाक्य काही गिळलं गेलं नाही. तेव्हा इथे लिहितो.

तर हो, फिरलो. चांगला तीन दिवस फिरलो. माझ्या बावीस चित्रांचं शहरात प्रदर्शन भरवायचं होतं. हॉलचं भाडं, फ्रेमा, टेम्पो असा हिशोब चाळीस हजारांवर गेला. माझ्याकडे अठरा होते. उरलेले बावीस कुठून आणायचे? बँकेत गेलो असतो तर चित्रं तारण ठेवून घेतली असती का, तुम्हीच सांगा.

मी मूळचा पाट्या रंगवणारा. ईट, भूम, वाशी या पट्ट्यात किराणा, कापड, सलून, कृषी सेवा केंद्र अशा कितीतरी दुकानांवर माझी अक्षरं होती. मग फ्लेक्स आला आणि दोन-तीन वर्षांत ब्रश वाळून गेले. त्याबद्दल रडगाणं नको, दुकानदाराला स्वस्त आणि झटपट हवं होतं, त्याचं चुकलं नाही. शाळांच्या भिंती रंगवत पोट भरलं आणि रात्री स्वतःची चित्रं काढली. खव्याच्या भट्ट्या, बाजारातल्या बाया, बालाघाटाचे उघडे माळ.

आता अप्रतिष्ठेचं बघू. 1921 साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मुंबईत 'संयुक्त मानापमान' केलं, ते टिळक स्वराज्य फंडासाठी. ऐंशीच्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि मंडळी अत्र्यांचं 'लग्नाची बेडी' घेऊन गावोगाव फिरली, ती सामाजिक कृतज्ञता निधीसाठी. आमच्या शेजारच्या बार्शीत 1916 साली जन्मलेले शाहीर अमर शेख गिरणी कामगारांसाठी आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी घसा फुटेस्तोवर गायले. या कुणाला "हात पसरले" असं कुणी म्हणालं नाही, आणि म्हणूही नये. पण म्हणजे काय झालं? कलाकारानं स्वराज्यासाठी मागितलं की त्याग, कार्यकर्त्यांसाठी मागितलं की बांधिलकी, आणि स्वतःच्या फ्रेमांसाठी मागितलं की भीक! कलाकाराचं पोट आणि त्याचं काम सोडून जगातल्या सगळ्या गोष्टींसाठी त्यानं निधी गोळा करावा, असा हा न्याय आहे.

2004 साली 'श्वास' ऑस्करला निघाला तेव्हा शाळेतल्या पोरांनी पणत्या विकून पैसे जमवले होते. तेव्हा आपण सगळे हळवे झालो होतो. तो सिनेमा होता, त्याला सुवर्णकमळ होतं. ईटच्या पेंटरला कुठलं कमळ?

आणि बाजारात नेमकं काय घडलं ते तरी ऐका.

पहिलं दुकान किराण्याचं. वही पुढे केली तर मालक म्हणाले, "कुठल्या मंडळाची?" म्हटलं, मंडळ नाही, मीच. ते हसले. "म्हणजे डीजे नाही ना? मग लिही पाचशे." मी म्हटलं, काका, भिडेनं देऊ नका, नाही म्हणालात तरी मला राग नाही. त्यावर मात्र ते चिडले. "पेंटर, माझ्या बापाची पाटी तू रंगवली. त्याचं नाव तुझ्या अक्षरात होतं. भीड कसली?"

शिंपीमामांनी रोख नाही दिलं. त्यांनी बावीस चित्रांना जाड कापडाच्या पिशव्या शिवून दिल्या, मापं स्वतः येऊन घेतली. कृषी सेवा केंद्रवाल्यानं सरळ सांगितलं, "यंदा सोयाबीननं मारलंय, सगळी उधारी अडकलीय. दिवाळीनंतर ये." असा स्वच्छ नकार मला शहरात कधी मिळालेला नाही. तिथे "नक्की बघू" असतं. चहावाल्या मावशींनी तर मला मोबाईल काढायला लावून पन्नास रुपये स्कॅन केले आणि चहाचे पैसे वेगळे घेतले. :) हिशोब हिशोबाच्या जागी!

खव्याच्या भट्टीवर गेलो तर लाकडांवर पाऊस लागू नये म्हणून एक पत्रा टाकलेला. बघतो तर माझीच पाटी, पालथी. उलटून पाहिली. निळा रंग अजून धरून होता. भट्टीवाले दादा ओशाळले. म्हटलं, अहो, फ्लेक्स असता तर दोन पावसात चिंध्या झाल्या असत्या! त्यांनी पाव किलो खवा बांधून दिला आणि वहीत एक हजार लिहिले.

आता दुसरी बाजू. एका मोठ्या संस्थेनं मागे मला कार्यक्रमाचा पडदा रंगवायला बोलावलं होतं. चार रात्री जागलो. मांडववाल्याला पैसे मिळाले, आचाऱ्याला मिळाले, निवेदकाला पाकीट मिळालं. मला शाल, श्रीफळ आणि "तुमचं नाव होईल" हा आशीर्वाद. अशा सात शाली आहेत घरात. ही प्रतिष्ठा! जाण्यायेण्याचं भाडंसुद्धा मी खिशातून घातलं, म्हणजे खरं तर मीच त्या संस्थेला वर्गणी दिली. फरक एवढाच की त्यांनी वही दाखवली नाही.

"सरकारकडे जा" असंही ते परिचित म्हणाले. ज्येष्ठ कलावंतांना मानधन आहे, चांगली योजना आहे, गरजूंनी जरूर घ्यावं. पण त्यासाठी आधी ज्येष्ठ व्हावं लागतं. मधल्या वर्षांत कलाकारानं काय खायचं?

वासुदेव दारात आला की माझी आजी सूपभर ज्वारी घालायची. "भीक घातली" असं ती कधी म्हणाली नाही. त्याचं त्याला दिलं, असं म्हणायची. आता त्या जुन्या व्यवस्थेत जातीचा फास होता, ती मला परत नको आहे. पण ज्यानं आपली सकाळ चांगली केली त्याचं काही देणं लागतं, एवढी समज तिच्यात होती. ती समज मला ईटच्या गल्ल्यांवर सापडली, पंगतीत नाही.

बावीस हजार जमले नाहीत. एकोणीस हजार तीनशे जमले. राहिलेल्यासाठी सहा फ्रेमा रद्द करून तिथे साध्या पट्ट्या ठोकल्या. चित्रं शहरात न्यायच्या आधी दोन दिवस बाजारातच लावतोय, वहीतल्या सगळ्यांना सांगून झालंय.

शेवटचा गडी पंक्चरवाला. त्यानं खिशातून वीसची नोट काढली, पण दिली नाही. आधी म्हणाला, "माझ्या पाटीवर तू 'पंचर' लिहिलं होतंस. पोरगी दहावीला आहे, रोज टोकते मला. ते नीट करून देणार असशील तर वही काढ."

सोमवारी करून देतोय. पिवळ्यावर लाल.